रात्री अकराला स्लाइमना जेवू घालणाऱ्या मावशीस

आधी पत्र देते, थोडं कापून:

"ताई नमस्कार. मी निफाडकडची, वय 39, पतसंस्थेत अकाउंट्सला आहे. दिवाळीत बहिणीचा मुलगा आला होता, त्याने माझ्या लॅपटॉपवर स्लाइम रँचर टाकून दिला, म्हणाला मावशी हे खेळ, डोकं शांत होईल. पहिले पंधरा दिवस खरंच झालं. सगळे झोपले की अकराला बसायचं, ते गोड गोळे उड्या मारतात, त्यांना गाजरं टाकायची आणि झोपायचं. आता माझे 14 कॉरल (गोळे ठेवायचे कोंडवाडे) झालेत आणि गेम उघडला की पोटात गोळाच येतो, बाप रे सगळ्यांना घालायचंय. ऑफिसात व्हाउचर टाकताना मनात येतं की मधवाल्यांचे आंबे संपले असतील. गेल्या गुरुवारी तो काळा टार निघाला, बघता बघता तीन कॉरल रिकामे, मी एक वाजेपर्यंत पाणी मारत बसले आणि नंतर झोपच नाही. मिस्टर म्हणतात एवढी मोठी बाई आणि पोरांचे खेळ खेळते. आठ वर्षांची मुलगी म्हणते मलाही दे. भाचा म्हणतो दुसरा भाग घे, अजून भारी आहे. मी बंद करू, दुसरा घेऊ, की माझंच काही चुकतंय? – स्लाइमची मावशी"

मावशी, "मधवाल्यांचे आंबे संपले असतील" हे वाचून मी चहा बाजूला ठेवला आणि हसत सुटले, कारण मागच्या वर्षी भाजी घेताना मी भाजीवाल्याला बीट मागितलं ते मनात रॉक स्लाइमसाठी, आणि घरी येऊन लक्षात आलं की आपल्याकडे बीट कुणीच खात नाही. त्यामुळे तुम्हाला सल्ला देणारी बाई काठावर बसलेली नाही एवढं समजून पुढे वाचा.

ज्यांना हा काय प्रकार आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मोनोमी पार्क नावाचा कॅलिफोर्नियातला छोटा स्टुडिओ आहे, त्यांनी जानेवारी 2016 मध्ये हा गेम अर्धवट अवस्थेत लोकांपुढे ठेवला आणि ऑगस्ट 2017 मध्ये पूर्ण करून दिला. बिआट्रिक्स लेबो नावाची मुलगी पृथ्वीपासून हजार प्रकाशवर्षं लांब एका माळरानावर रँच चालवायला जाते. तिच्याकडे व्हॅकपॅक असतो, म्हणजे पाठीवर टाकी आणि हातात नळी, समोर दिसेल ते आत ओढायचं आणि हवं तिथे बाहेर फेकायचं. तिथले प्राणी म्हणजे स्लाइम, जेलीसारखे गोळे, चेहऱ्यावर कायम हसू. त्यांना कॉरलमध्ये ठेवायचं, खायला घालायचं, खाल्लं की ते प्लॉर्ट टाकतात. प्लॉर्ट दिसतो हिऱ्यासारखा पण आहे शेणच, उगाच लाजायचं कशाला. तो बाजारात विकायचा, न्यूबक्स म्हणजे तिथले पैसे मिळवायचे, त्यात अजून कॉरल बांधायचे. आपल्याकडे गोवऱ्या थापून विकत होत्याच की बायका.

आता तुमचा प्रश्न. तुमचं चुकतंय का? थोडं चुकतंय, पण निम्म्याहून जास्त चूक गेमची आहे, आणि ती कुठे आहे ते नीट सांगते कारण भाच्याने ती सांगितलेली नसणार, त्या वयात कळत नाही.

या गेमची सगळ्यात सुंदर गोष्ट पहिल्या तीन-चार कॉरलमध्येच आहे. एका स्लाइमला काय आवडतं हे तुम्ही शोधता, टॅबीला मांस लागतं, रॉकला भाजी, तुमच्या मधवाल्यांना, म्हणजे हनी स्लाइमना, फळं, गुलाबी बिचारे काहीही खातात, अगदी आपल्या घरातल्या शहाण्या मुलासारखे. आवडीचं घातलं तर एकाऐवजी दोन प्लॉर्ट. फॉस्फर स्लाइम रात्रीचे, उन्हात ठेवले तर गायब होतात म्हणून त्यांना वर छप्पर करून द्यायचं. पडल नावाचे निळे, ते काहीच खात नाहीत, त्यांना फक्त पाण्याचं डबकं लागतं आणि एका डबक्यात जास्त झाले की लाजून प्लॉर्टच टाकत नाहीत. मला हे फार आवडलं होतं, लाजून काम न करणारा प्राणी. हे सगळं कळायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि ते दिवस म्हणजे नवीन गाव बघण्यासारखे असतात, तुमचे पहिले पंधरा दिवस ते हेच.

मग काय होतं, की सगळे ओळखीचे होतात. आणि इथे गेमकडे तुम्हाला द्यायला पैशाशिवाय फारसं काही उरत नाही. स्लाइमना नावं नाहीत, एका कॉरलमधले दहाच्या दहा सारखे, तो कानाला चावणारा बोका किंवा ती शिंगाने दूध सांडणारी म्हैस असं कुणी नाही. माझ्या आजीकडे अकरा कोंबड्या होत्या, संध्याकाळी डालग्याखाली घालताना ती नावं घेऊन मोजायची, त्यातली एक रोज चुकवायची आणि आजी रोज तिला तीच शिवी द्यायची. इथे तसं होत नाही. एक टॅबी गेला तर दुसरा पकडून आणता, कुणी ओळखतही नाही. त्यामुळे जीव लावायला कुणी नसलं की माणूस संख्येला जीव लावतो, चारचे आठ, आठचे चौदा, कारण तेवढंच वाढतंय. तुम्ही लोभी झालात असं मनाला लावून घेऊ नका, गेमने दुसरा दरवाजाच उघडा ठेवला नाही.

हिशेब तुमच्याच पद्धतीने मांडून बघू. व्हॅकपॅकमध्ये सुरुवातीला चार खण, एका खणात 20 वस्तू. एका कॉरलमध्ये दहा स्लाइम धरले तर 14 कॉरलचे 140 तोंडं. चारही खण खाण्याने भरले तरी 80, म्हणजे नुसतं एकदा जेवण घालायला दोन चकरा, आणि प्लॉर्ट गोळा करायला जागाच नाही म्हणून तिसरी-चौथी. टाकी वाढवून घेतली असेल तर थोडं कमी. गेममधला एक तास म्हणजे आपलं एक मिनिट, म्हणजे अख्खा दिवस 24 मिनिटांचा. तुमचा तो सगळा दिवस वाढण्यात जातो आणि संपतो न संपतो तोच गुलाबी कॉरलवाले परत भुकेने उड्या मारायला लागतात. लग्नाच्या पंक्तीला वाढपी एकच ठेवला तर काय होईल.

बरं, आणि बाजार. तुम्ही निफाडच्या म्हणून मी मुद्दाम इथे जरा थांबते. प्लॉर्ट मार्केटचा तो बोर्ड बघितला की लासलगावच्या बाजार समितीत उभं राहिल्यासारखं वाटत नाही का? एकच माल ओतत गेलात की त्याचा भाव पडतो, काही दिवस विकला नाही की परत सावरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाण वर का खाली हे बघायला मन धावतंच. फरक एवढाच की भाव पाडणारा दुसरा कुणी नाही, तुम्हीच. आणि निर्यातबंदी नाही. 14 कॉरलचा माल रोज तुम्ही एकट्याच बाजारात आणता, तर वाढवलेल्या निम्म्या कॉरलचा उपयोग फक्त उरलेल्या निम्म्यांचा भाव पाडायला होत असणार. हे मला कळायला दोन महिने लागले, तुम्ही तर कांद्याच्या घरातल्या.

त्यावर गेममध्ये उपाय आहे आणि तो तुमच्या मिस्टरांना लगेच कळेल. सायलो बांधा. सायलो म्हणजे कांदाचाळच, माल भरून ठेवायचा, भाव चढला की काढायचा, वर ही चाळ अशी की आतलं काही सडत नाही. बाहेर पडलेली फळं-भाज्या सडतात, सायलोतली नाही. मिस्टरांना एक दिवस शेजारी बसवून फक्त तो बोर्ड दाखवा आणि विचारा, आज काढू की थांबू. पोरांचा खेळ म्हणणारा माणूस भावावर मत दिल्याशिवाय राहतो का ते मला कळवा. नाहीच बसले तर सोडून द्या, तुम्ही रात्री अकराला कुणाच्या ताटातलं काढून खेळत नाही आहात, दिवसभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवर सह्या करून मग अर्धा तास गोळ्यांना गाजरं टाकणं यात स्पष्टीकरण द्यावं असं काही नाही.

टारचं आता. झोप उडाली हे खरं वाईट झालं आणि हा गेमचा दोष मी गेमच्या गोडपणाखाली लपवणार नाही. जाहिरातीत सगळं हसरं आणि आत एक अशी गोष्ट ठेवलीय जी मिनिटात महिन्याची मेहनत खाते. पण ती का निघते हे एकदा कळलं की भीती जाते. स्लाइमने दुसऱ्या जातीच्या स्लाइमचा प्लॉर्ट खाल्ला की तो मोठा होतो, लार्गो, दोन्ही जातींचं मिश्रण, दोन्ही प्रकारचे प्लॉर्ट देतो म्हणून आपण खूश. त्याच लार्गोने तिसऱ्या जातीचा प्लॉर्ट तोंडात टाकला की टार. मग टार शेजारच्या स्लाइमला खातो, एकाचे दोन, दोनाचे चार. तुमच्याकडे काय झालं असेल ते मी न बघता सांगते: दोन लार्गोंचे कॉरल भिंतीला भिंत लावून, वर जाळी नाही, तुम्ही दोन चकरा मारेपर्यंत प्लॉर्ट साचून ढीग झाला, कुणीतरी भुकेने उडी मारली आणि प्लॉर्टसकट पलीकडे गेला. बरोबर ना? म्हणजे टार हा राक्षस वगैरे नाही, न उचललेलं शेण आहे. आमच्याकडे म्हणायचे गोठा दोन दिवस झाडला नाही तर साप येतो, तसलंच.

म्हणून उंच भिंती आणि वरची जाळी आधी, नवीन कॉरल नंतर. प्लॉर्ट आपोआप ओढून घेणारा कलेक्टर प्रत्येक लार्गोच्या कॉरलला, आणि आपोआप खाऊ टाकणारा फीडर. हे दोन लावले की निम्मी धावपळ संपते. पुढे ड्रोनही मिळतो, गडी ठेवल्यासारखा, पण त्यालाही अधूनमधून पाणी मारावं लागतं, गडी म्हटला की चहा आलाच. एक मात्र सांगते, सगळंच आपोआप करून टाकू नका, मी केलं होतं, रँचवर गेले तर करायला काही नाही, नुसती मालकीण उभी, आठवडाभरात कंटाळून बंद केला. एक कॉरल हाताने खाऊ घालायचा ठेवा. तुमचा तो मधवाल्यांचा ठेवा, आंब्याचा.

आणि ऑफिसात जे मनात चालू असतं त्याबद्दल एक गोष्ट जी भाच्याने सांगायला हवी होती: गेम बंद केला की तिथलं घड्याळ बंद. तुम्ही आठ दिवस गेला नाहीत तरी ते तिथेच, तसेच, अर्ध्या उडीत थांबलेले. भुकेने कुणी मरत नाही, गेम चालू असताना उपाशी ठेवले तरी फार तर चिडतात, पळतात. मोबाइलवरचे ते शेतीचे गेम असतात ना, तुम्ही झोपलात तरी पीक वाळतं आणि पहाटे फोन टुणटुणतो, त्या सवयीतून ही भीती आलेली असते, माझ्या जावेला होती. इथे टुणटुण नाही, आणि एकदा विकत घेतला की बिया घ्या, हिरे घ्या म्हणून आत परत कुणी हात पसरत नाही. आजकालच्या बाजारात ही फार मोठी गोष्ट आहे आणि या गेमला मी शंभर दोष माफ करते ते यासाठी.

अजून एक चांगली गोष्ट तुमच्याकडून राहून गेलीय असं पत्रावरून वाटतं. घरातली स्टारमेल उघडता का? पृथ्वीवर मागे राहिलेल्या केसीची पत्रं येतात बिआट्रिक्सला. आणि माळावर ठिकठिकाणी हॉब्सन नावाच्या जुन्या मालकाच्या चिठ्ठ्या सापडतात, तो हे रँच सोडून निघून गेलाय. कुठे ते सांगत नाही. एवढं सांगते की गोळ्यांच्या या गेममध्ये मी एकदाच रडले आणि ते टारमुळे नाही. 14 कॉरलवाल्या बाईला चिठ्ठ्या शोधायला वेळ कुठून मिळणार, म्हणून तर म्हणतेय. चिठ्ठ्या इंग्रजीत आहेत, सोप्या आहेत, अडलं तर भाचा आहे.

मुलीबद्दल. द्या, पण तुमचं रँच देऊ नका, भांडणं होतील. नवीन गेम सुरू करताना कॅज्युअल मोड निवडता येतो, त्यात टार निघतच नाही, तो तिला करून द्या. दोघींनी एकाच वेळी खेळायची सोय नाही, एकटीचाच गेम आहे, ही मला सगळ्यात खटकणारी कमतरता, कारण हा मायलेकींनी मिळून खेळायचाच गेम होता, एकीने पकडायचं एकीने वाढायचं. तेव्हा ती खेळताना तुम्ही शेजारी बसा. दोन गोष्टी आधी सांगून ठेवा: टॅबी जिवंत कोंबडी गपकन गिळतो, माझी भाची ते बघून दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी. तिला सरळ भाज्या-फळं खाणारे पाळायला लावा, आणि कोंबड्या वेगळ्या खुराड्यात नुसत्या हौसेला, पिल्लं हवी तर एक कोंबडा लागतो हे ती आपोआप शिकेल, म्हाताऱ्या झालेल्या कोंबड्या पिल्लं देत नाहीत हेही, आणि मग पुढचे प्रश्न येतील ते तुम्ही बघा. दुसरी गोष्ट, सगळं आपल्याच डोळ्यांनी दिसतं त्यामुळे उड्या मारताना काहींना गरगरतं. वीस मिनिटांनी उठवा.

दुसरा भाग घेऊ नका. म्हणजे आत्ता नको. सप्टेंबर 2022 मध्ये तो अर्धवट आला आणि पूर्ण व्हायला सप्टेंबर 2025 उजाडलं, दिसायला पहिल्याच्या दुप्पट देखणा आहे, इंद्रधनुष्याच्या बेटावर काचेचं घर, शेपटीवाले, कापसासारखे, वटवाघळासारखे स्लाइम, भाच्याचं खोटं नाही. पण त्यात सुधारणा करून घ्यायला नुसते पैसे पुरत नाहीत, हे गोळा करा ते गोळा करा म्हणून बेटभर फिरवतात, आणि तुमची तक्रारच मुळात कामं फार झाली ही आहे. शिवाय लॅपटॉप ऑफिसचे हिशेब करण्यापुरता असेल तर तो दुसऱ्या भागाला धापा टाकेल. पहिल्यातलं काचेचं वाळवंट बघितलं का तुम्ही अजून? हॉब्सनच्या सगळ्या चिठ्ठ्या? ते संपलं आणि तरी हात शिवशिवले तर उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू.

तर आज रात्री एवढंच करा. कुठले चार-पाच कॉरल आवडतात ते ठरवा. भाव बघून ठरवू नका, बघायला कोण आवडतं ते बघा, मला विचाराल तर मध, फॉस्फर आणि एक पडलचं डबकं. बाकीचे रिकामे करून तिथे वाफे लावा, आंबा-गाजर घरचं होईल. साधे स्लाइम टाकीत भरून माळावर सोडता येतात, पण लार्गो टाकीत मावत नाही, त्याला नळीच्या तोंडाशी धरून एकेकाला चालत न्यावं लागेल, तो वळवळतो आणि आपल्याला पुढचं काही दिसत नाही, दोन-तीन रात्री जातील त्यात. सगळ्यांना एकाच खडकापाशी सोडून येऊ नका हं, वेगवेगळ्या जातीचे वेगवेगळीकडे, नाहीतर उद्या तिथेच टार.